वल्हांडण, पास्का आणि ईस्टर

नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागली कीं आमचे विद्यार्थी प्रथम काय करतात, हें सर्व पालकांस ठाऊक आहेच. ते सुट्या मोजतात. ह्या मोजणींत नाताळ कधीं दगा देत नाहीं. त्याची तारीख ठरलेली. परंतु उत्तम शुक्रवार एका वर्षीं मार्चांत, तर दुसऱ्या वर्षीं एप्रिलच्या मध्यावर, परीक्षेच्या ऐन धामधुमींत सांपडतो. आणि ईस्टर तर नेहमीं रविवारींच येत असल्यामुळें त्याची म्हणून वेगळी सुट्टी मिळत नाहीं, ही मुलांची जुनी तक्रार आहे. तारीख कां बदलते, असें दर वर्षीं वर्गांत कोणी ना कोणी आम्हांस विचारतो. गेल्या वर्षीं ह्या प्रश्नास एक शेपूट जोडलेलें होतें. "गुरुजी, ईस्टर हा इंग्रजांचा सण ना? मग ते गेले तरी तो इथें कसा राहिला?" विचारणारा मुलगा एका हिंदु शेतकऱ्याचा, त्याच्या मनांत खोंच नव्हती, निव्वळ जिज्ञासा होती. पण त्याच्या शेजारीं बसलेल्या ख्रिस्ती मुलाचें तोंड उतरलेलें आम्हीं पाहिलें. इतक्यांत तासाची घंटा झाली व उत्तर अर्धेंच राहिलें. तें येथें पुरें करण्याचा विचार आहे.

तारखेचें आधीं सांगून टाकूं, कारण तें सोपें आहे आणि आपल्या घरच्या पंचांगाशीं त्याचा निकटचा संबंध आहे. प्रभु येशूचें मरण व पुनरुत्थान यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या दिवसांत घडलें, असें शुभवर्तमानें सांगतात. आणि तो सण यहुद्यांच्या निसान महिन्यांतील पौर्णिमेच्या सुमारास येतो. यहुद्यांचा महिना आपल्या महिन्याप्रमाणेंच चंद्रावर चालतो, व ऋतूंशीं मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ अधिक महिने तेही धरतात. ख्रिस्ती मंडळींत पहिलीं कांहीं शतकें ह्याविषयीं वाद होता. आशिया मायनरमधील मंडळ्या वार कोणताही असो, यहुद्यांची तिथिच पाळीत. रोमकडील मंडळ्यांस रविवारच हवा असे. इ. स. ३२५ सालीं नायसिया येथील धर्मपरिषदेनें सर्वांनीं एकाच रविवारीं हा सण पाळावा असें ठरविलें. पुढें रूढ झालेला नियम असा कीं, २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढील रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्चच्या आधीं येत नाहीं व २५ एप्रिलच्या पुढें जात नाहीं. ही शेवटची तारीख इ. स. १९४३ सालीं आली होती. आतां ती २०३८ सालीं येईल. तोंवर आजचे आमचे कांहीं विद्यार्थी आपल्याच मुलांस शाळेंत घालण्याच्या विवंचनेंत असतील.

तात्पर्य, ईस्टरची पौर्णिमा कधीं फाल्गुनी, म्हणजे होळीची, तर कधीं चैत्री, म्हणजे हनुमानजयंतीची असते. इ. स. २०२४ सालीं होळी पेटल्यावर बरोबर आठवड्यानें, ३१ मार्चला, आमच्याकडे ईस्टर झाला. यहुद्यांचें तें अधिक महिन्याचें वर्ष असल्यामुळें त्यांचें वल्हांडण २२ एप्रिलच्या सायंकाळीं, हनुमानजयंतीच्या आदल्या दिवशीं, सुरू झालें. आणि ग्रीस, रशिया वगैरे देशांतील मंडळ्या ह्या सणापुरतें जुनें ज्युलियन पंचांग मानीत असल्यामुळें त्यांचा ईस्टर ५ मे रोजीं आला. पुढच्याच वर्षीं, २०२५ सालीं, सर्वांची पौर्णिमा एक पडली व पूर्व-पश्चिमेच्या मंडळ्यांनीं २० एप्रिल हा एकच दिवस पाळला. एका सणाच्या इतक्या तारखा ऐकून ज्यांस हंसूं येईल त्यांनीं आपल्याकडील स्मार्त आणि भागवत एकादशी आठवावी.

आतां नांवाकडे वळूं. कारण 'इंग्रजांचा सण' ह्या समजुतीचें मूळ नांवांतच आहे. ईस्टर हा शब्द इंग्रजांचा खरा. त्याचा भाऊबंद ओस्टर्न हा जर्मनांचा. ह्या नांवाविषयींचा सर्वांत जुना मजकूर बीड नांवाच्या इंग्रज मठवासी पंडितानें इ. स. ७२५ सालीं लिहून ठेविला. तो म्हणतो कीं, एप्रिलच्या सुमाराच्या महिन्यास आमचे पूर्वज एओस्त्रे नामक देवीवरून ओळखीत, व त्या महिन्यांत येतो म्हणून नव्या सणासही तेंच नांव पडलें. दुसऱ्या कोणत्याही जुन्या ग्रंथांत ही देवी भेटत नाहीं. महिन्याचें नांव सणास लागणें ह्यांत तर कांहींच नवल नाहीं; आपली चैत्रगौर काय किंवा श्रावणी सोमवार काय, महिन्याच्याच नांवावर चालतात.

परंतु उरलेलें जग ह्या सणास ईस्टर म्हणतच नाहीं. ग्रीकांचा पास्खा, फ्रेंचांचा पाक, पोर्तुगीजांचा पाश्कोआ हे सर्व 'पेसाह' ह्या हिब्रू शब्दाचे वंशज आहेत, आणि पेसाह म्हणजे वल्हांडण. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक 'उत्थानाचा सण' म्हणतात. पोलंडांत त्यास 'मोठी रात्र' असें नांव आहे. हंगेरीच्या भाषेंतील नांवाचा अर्थ 'मांस घेणें' असा होतो. ह्यांत भक्तीपेक्षां भूक अधिक दिसते खरी, पण चाळीस दिवस मांसावांचून काढलेल्या मनुष्याचें तें प्रामाणिक बोलणें आहे.

गोमंतकांत पोर्तुगीजांच्या मार्फत पास्क हेंच नांव आलें. तेथेंच फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट इ. स. १५७९ सालीं येऊन राहिले. ते जन्मानें इंग्रज होते, पण इंग्रजांच्या राज्याशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. त्यांनीं येशूची कथा मराठी ओव्यांत रचिली, व तें 'ख्रिस्तपुराण' इ. स. १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. नागपूरचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें तें इ. स. १८५४ सालीं. म्हणजे आमच्या ह्या भागावर इंग्रजांचा अंमल बसण्याच्या आधीं दोनशें अडतीस वर्षें पुनरुत्थानाची कथा मराठी ओवींत बसलेली होती. वर्गांतील त्या मुलास द्यावयाचें उत्तर खरें पाहतां येथेंच संपतें; पण विषय संपत नाहीं.

मराठी शास्त्रांत पेसाह हा शब्द तसाच न ठेवतां 'वल्हांडण' असा फिरविला आहे. इजिप्त देशांत ज्या घरांच्या दारांस कोंकराचें रक्त लाविलेलें होतें, तीं घरें ओलांडून मरण पुढें गेलें, ती ही कथा. ओलांडणें ह्या आपल्या रोजच्या क्रियापदाचेंच वल्हांडण हें एक रूप आहे. उंबरठा ओलांडणाऱ्या, पावसाळ्यांत नाला ओलांडून शाळेंत येणाऱ्या मुलास तें समजावून सांगावें लागत नाहीं. भाषांतर करणारांच्या ह्या एका शब्दाबद्दल आम्हांस नेहमीं कौतुक वाटत आलें आहे.

मराठी बोलणारे यहुदीही आहेत, हें आमच्या कित्येक वाचकांस ठाऊक नसेल. कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत, अलिबाग-पेणच्या बाजूस बेने इस्राएल लोक शेंकडों वर्षें राहत आले. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून गांवकरी त्यांस 'शनवार तेली' म्हणत. आतां त्यांच्यांतील बहुतेक कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं आहेत. हे लोक दीर्घ काळ इतर यहुद्यांपासून तुटलेले होते, त्यामुळें सणांचीं हिब्रू नांवेंही त्यांच्यांत राहिलीं नव्हतीं. वल्हांडणाच्या सणास ते आपल्या बोलींत आंबट चटणीचें भांडें झांकण्याचा सण अशा अर्थाचें नांव देत. आंबलेलें कांहीं ह्या दिवसांत खावयाचें नाहीं, ही मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा. ग्रंथ हातीं नव्हता, पण चटणीच्या भांड्यावरील झांकणानें ती जपली, असा त्याचा अर्थ लावितात.

त्याच आज्ञेमुळें शास्त्रांत ह्या सणास बेखमीर भाकरींचा सण असेंही म्हटलें आहे. रविवारच्या वर्गांत हा पाठ घेतांना आमची दर वेळीं पंचाईत होते. ज्यांची रोजची रोटी खमीर घालून फुगविलेली, त्यांना सात दिवस बेखमीर खाणें ही शिस्त वाटेल. आमच्या मुलांच्या ताटांतील ज्वारीची भाकर बारा महिने बेखमीरच असते. "मग आपण रोजच वल्हांडण करतों काय?" असें एका चिमुरडीनें विचारिलें, तेव्हां आम्हीं सरळ होय म्हणून टाकलें.

येथवर सर्व गोड झालें. पण ह्याच नांवावरून आमच्या घरीं एक कडू प्रसंग घडला होता. आमच्या आजीचें गांव हिंगणघाटच्या बाजूचें. फाल्गुनांत पळस फुलला कीं ती फुलें वेंचून सावलींत वाळवीत असे. त्यांतलीं निम्मीं शेजारच्या मुलांस होळीच्या रंगासाठीं जात. उरलेलीं ईस्टरच्या आदल्या दिवशीं अंडीं उकडण्याच्या पातेल्यांत पडत. अंड्यांस सुरेख केशरी रंग चढे, व पहाटेच्या उपासनेहून परत आल्यावर मुलांस एकेक मिळे. एके वर्षीं आमचे थोरले काका एक छापील पत्रक घेऊन आले. हाच मजकूर अलीकडे भ्रमणध्वनीवर घरोघर फिरत असतो. त्यांत म्हटलें होतें कीं, ईस्टर म्हणजे बाबिलोनची देवी इश्तार. अंडें हें तिचें चिन्ह. जो अंडीं रंगवितो तो नकळत तिची पूजा करतो. काका म्हणाले, "आई, हें आतां बंद कर." आजी पातेल्यांतील अंडीं हलवीत म्हणाली, "अंडं आपल्या कोंबडीचं, रंग धुऱ्यावरच्या पळसाचा. यात थे बाई कुठून शिरली रे?" काकांनीं उत्तर दिलें नाहीं. पण पुढचीं दोन वर्षें आजीनें अंडीं पांढरींच उकडलीं, आणि पळसाचीं सर्व फुलें होळीला गेलीं.

काकांस हंसणें सोपें आहे. आम्हांस तें जमत नाहीं. त्यांच्या आजोबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला तेव्हां जात गेली, गांवची विहीर गेली, सख्ख्या बहिणीचें दार बंद झालें. एवढी किंमत देऊन ज्या घरानें जुने देव सोडले, त्या घरांत मागील दारानें दुसरी कोणी देवी येत आहे असें सांगितल्यास मनुष्य दचकणारच. म्हणून पत्रकांतील गोष्ट कोठून आली हें पाहण्याचें आम्हीं मनावर घेतलें, आणि जें हातीं लागलें त्यानें थक्क झालों.

नागपूरचें हिस्लॉप कॉलेज आमच्या वाचकांस ठाऊक आहे. ज्यांच्या नांवानें तें इ. स. १८८३ सालीं निघालें, ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी; इ. स. १८४५ सालीं, भोसल्यांच्या अमदानींत, नागपूरास आले. शाळा काढणारे, दगडांतील जीवावशेष शोधणारे, गोंड लोकांचीं गाणीं व कथा लिहून घेणारे असे हे गृहस्थ होते. इ. स. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटचीं प्राचीन शिळावर्तुळें पाहून रात्रीं घोड्यावरून बोरीकडे परततांना पूर आलेल्या ओढ्यांत ते बुडाले. वर्ध्याहून नागपूरास जातांना बुटीबोरी लागते, तोच हा मुलूख. ह्या स्टीफन हिस्लॉपांचे थोरले बंधु अलेक्झांडर हिस्लॉप स्कॉटलंडांतच धर्मोपदेशक होते. त्यांनीं 'दोन बाबिलोन' अशा अर्थाचें एक पुस्तक लिहिलें, इ. स. १८५३ सालीं तें लहान पत्रकाच्या रूपानें निघालें व १८५८ सालीं मोठें होऊन प्रसिद्ध झालें. रोमन मंडळीच्या सर्व चाली बाबिलोनच्या मूर्तिपूजेंतून आल्या, असें त्यांत प्रतिपादन आहे. आणि ईस्टर म्हणजे इश्तार हें विधान जगभर पसरलें तें मुख्यतः ह्याच पुस्तकावरून. एका भावाचें नांव नागपूरच्या विद्यालयावर कोरलें गेलें. दुसऱ्याचें पुस्तक, त्याचें नांव गळून पडल्यावर, हिंगणघाटजवळच्या एका स्वयंपाकघरांत येऊन पोंचलें.

त्या विधानांत आधार म्हणून आहे तें केवळ उच्चारांचें साम्य. अशा न्यायानें हिंगणघाट ह्या नांवांत हिंग आहे म्हणून तेथें हिंगाची बाजारपेठ असली पाहिजे. वास्तविक त्या गांवाचा लौकिक कापसाचा. इंग्रजांस ख्रिस्ताचें नांव कळण्याच्या कित्येक शतकें आधीं पास्खा हा सण सिरियांत, मिसरांत, ग्रीसमध्यें पाळला जात होता. आणि ज्या भूमींत इश्तारचीं मंदिरें होतीं, त्याच निनवेच्या परिसरांतील जुने ख्रिस्ती लोक ह्या सणास त्यांच्या सिरियाक भाषेंत उत्थानाचा सण म्हणतात. इश्तारच्या शेजाऱ्यांस जें ऐकूं आलें नाहीं, तें हजारों कोस दूर असलेल्या इंग्रजांच्या कानीं कसें पडावें?

अंड्याची गोष्ट तर अगदीं स्वयंपाकघरांतील आहे. मध्ययुगांत युरोपांत ईस्टरपूर्वींच्या चाळीस दिवसांच्या उपासांत मांसाप्रमाणेंच अंडींही वर्ज्य असत. परंतु कोंबड्यांस उपास कोण सांगणार? त्या अंडीं घालीतच राहत, व ईस्टरपर्यंत घरोघर टोपल्या भरत. उपास सुटला कीं तीं रंगवून वाटावयाचीं. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड ह्याच्या इ. स. १२९० सालच्या हिशेबांत ४५० अंड्यांसाठीं १८ पेन्स खर्च मांडलेला आहे. ग्रीक लोक अंडीं तांबडींच रंगवितात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून. अंडीं आणून देणारा जर्मनीचा ससा लेखांत प्रथम दिसतो तो इ. स. १६८२ सालीं, व त्या सशाची देवीशीं सांगड घातली गेली ती एकोणिसाव्या शतकांत.

हें सर्व आम्हीं काकांस वाचून दाखविलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. हो म्हणाले नाहींत, नाहीं म्हणाले नाहींत. तिसऱ्या वर्षीं आजीनें पातेल्यांत पुन्हां पळस घातला. काकांच्या वाटणीचें अंडें मात्र ती सोलून त्यांच्या ताटांत ठेवी, आणि टरफल गेल्यावर तें अंडें काकांस चाले.

गंमत अशी कीं, ज्या गोष्टी काका निःशंकपणें 'आपल्या' मानीत, त्यांचा उगमही कांहीं वर्ध्याकांठचा नव्हे. उत्तम शुक्रवारीं दुपारीं बारापासून तीनपर्यंत वधस्तंभावरील सात उद्गारांवर आमच्याकडे उपासना होते. एप्रिलचें ऊन, वरून तापलेलें छप्पर, हातपंख्यांची फडफड, आणि तरीही वृद्ध माणसेंसुद्धां पाण्याचा घोंट न घेतां तीन तास बसलेलीं असतात. ही तीन तासांची उपासना प्रथम सुरू झाली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस, दक्षिण अमेरिकेंतील लिमा शहरीं, आलोन्सो मेसिया नांवाच्या जेझुइट धर्मगुरूच्या हातून. ईस्टरच्या पहाटे आमचे लोक स्मशानभूमींत जातात. आदल्या दिवशीं थडगीं झाडून चुना लाविलेला असतो. अंधारांत मेणबत्त्या लागतात, आणि पूर्वेकडे फटफटूं लागलें कीं गायनास आरंभ होतो. अशा पहाटेच्या उपासनेची पहिली नोंद जर्मनींतील हेर्नहूट गांवची, इ. स. १७३२ सालची आहे. मोरेव्हियन पंथाचे कांहीं तरुण गांवाबाहेरील टेकडीवरच्या दफनभूमींत गाणीं म्हणावयास गेले होते.

आणखी नवल पुढेंच आहे. स्टीफन हिस्लॉप ज्या स्कॉटिश परंपरेचे, त्या परंपरेंत ईस्टर पाळीतच नसत. शास्त्रांत आज्ञा नाहीं म्हणून स्कॉटलंडच्या धर्मसुधारकांनीं इ. स. १५६० सालींच नाताळादि सण काढून टाकिले होते. क्वेकर लोकही परंपरेनें असे विशेष दिवस मानीत नाहींत. सर्व दिवस सारखेच पवित्र, असें त्यांचें म्हणणें. मार्जरी साइक्स ह्या क्वेकर बाई इ. स. १९५० नंतरच्या दशकांत सेवाग्रामीं नयी तालीमच्या कार्यांत होत्या. म्हणजे आमच्याच जिल्ह्यांत ईस्टर न मानणारी ख्रिस्ती परंपराही नांदून गेली. पुढें इ. स. १९७० च्या नोव्हेंबरांत नागपूर येथें सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. कोणाच्या घरचें सप्तोद्गार, कोणाच्या घरची पहाट. सर्वच एका छपराखालीं आलें.

दूरदेशच्या चाली सांगूं लागल्यास हा अंक पुरणार नाहीं. पोलंडांत ईस्टरनंतरच्या सोमवारीं मुलें एकमेकांस पाण्यानें चिंब भिजवितात. आमचे विद्यार्थी तेथें एका दिवसांत रुळतील. फ्रान्समध्यें गुरुवारपासून देवळांच्या घंटा मुक्या होतात. त्या रोमला गेल्या असून येतांना खाऊ आणणार, असें मुलांस सांगतात. नॉर्वेंत ह्या सुट्टींत खुनांच्या रहस्यकथा वाचण्याची चाल आहे, व तिचें मूळ इ. स. १९२३ सालच्या एका कादंबरीच्या जाहिरातींत आहे. तिचें समर्थन आम्ही करूं शकत नाहीं, परंतु मुलें कांहीं तरी वाचतात हेंही थोडें नव्हे.

एक चाल मात्र आमच्या दाराशींच आहे. आमच्या शेजारीं केरळांतील एक परिचारिका बाई राहतात. सेवाग्रामच्या रुग्णालयांत त्यांची नोकरी झाली. त्या तिकडील जुन्या सिरियन ख्रिस्ती घराण्यांतल्या. प्रेषित थोमा स्वतः त्यांच्या किनाऱ्यास उतरला, अशी त्यांची परंपरा. त्या लोकांत पवित्र गुरुवारीं रात्रीं घरोघर तांदळाची बेखमीर भाकर वाफवितात व तिजवर झावळ्यांच्या रविवारीं मिळालेल्या पानाचा क्रूस ठेवितात. घरांतील कर्त्या पुरुषानें ती प्रार्थना करून मोडावयाची आणि नारळाच्या दुधांत गूळ घालून केलेल्या पेयाबरोबर सर्वांस वाटावयाची. ज्या घरांत त्या वर्षीं मृत्यु झाला असेल, त्या घरीं ही भाकर करीत नाहींत. शेजारी आणून देतात.

आमची आजी वारली त्या वर्षीं अंडीं उकडण्याचें कोणाच्या मनांत नव्हतें. पवित्र गुरुवारीं रात्रीं सिस्टर झांकलेलें ताट व एक चरवी घेऊन आल्या. त्यांनीं आपली रीत समजावून सांगितली, व भाकर मोडण्यासाठीं ताट काकांपुढें ठेविलें. काकांनीं पानाच्या क्रूसाकडे बराच वेळ पाहिलें.

"तुम्ही ह्याला काय म्हणतां, बाई?" त्यांनीं विचारिलें.

"पेसहा," त्या म्हणाल्या.

"वल्हांडण," काका म्हणाले, आणि उभे राहून त्यांनीं प्रार्थना केली. भाकर जरा चिवट झाली होती, म्हणून मोडावयास वेळ लागला. मुलांनीं गुळाचें दूध दोनदां मागून घेतलें.